नांदूर मधमेश्वर बंधारा: नाशिकहून अर्ध्या दिवसाची सहल, गाईडला सोबत घेऊन

पहाटे सव्वापाचला नाशिक सोडायचे आणि दुपारी एकपर्यंत घरी परतायचे, इतक्या वेळात ही सहल नीट होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यात तयार झालेल्या पाणथळीला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. तिथे बहुतेक लोक पक्ष्यांसाठी जातात आणि बंधारा न बघताच परततात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे टाळावे. बंधारा कशासाठी आहे आणि आज त्यात पाणी किती आहे हे कळले की पक्षी कुठे दिसतील याचा निम्मा अंदाज घरूनच बांधता येतो.

आधी बंधाऱ्याचे काम समजून घ्या

नाशिकजवळचे गंगापूर धरण पाणी साठवण्यासाठी आहे. नांदूर मधमेश्वरचा बंधारा मुळात साठवणुकीसाठी बांधलेलाच नाही. नदीची पातळी थोडी उचलायची आणि ते पाणी दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवायचे, एवढेच त्याचे काम. वर गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत इथपर्यंत येते, बंधाऱ्याला अडते आणि गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याच्या शेतांकडे जाते. बंधारा आणि हे दोन कालवे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातले, इंग्रजी अमदानीतले आहेत. पुढे इथूनच जलद कालवाही निघाला. तो संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांना पाणी देतो. (हे गंगापूर वेगळे. आपल्या धरणाशी त्याची गल्लत करू नका, नवखी माणसे हमखास करतात.)

वाहत्या पाण्याचा वेग बंधाऱ्याशी येऊन मंदावला की त्यातला गाळ तळाशी बसतो. वरचे बरेचसे पाणलोट काळ्या मातीचे, त्यामुळे दर पावसाळ्यात गाळ भरपूर येतो. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. त्यातून फुगवट्यात बेटे तयार झाली, काठ उथळ झाले, पाणकणीस माजले. सिंचनाच्या हिशेबात हा तोटाच, कारण पाण्याची जागा गाळाने घेतली. पक्ष्यांना मात्र असेच पाणी लागते. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, पाणवनस्पती वाढतात, शंख-शिंपले आणि बारीक मासे वाढतात. डोके पाण्यात आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांची मान तळापर्यंत पोहोचली पाहिजे, म्हणजे पाणी साधारण फूटभरच हवे. तुतवारासारख्या काठच्या पक्ष्यांना दोन-चार इंचही पुरतात.

पाणी किती आहे ते विचारल्याशिवाय निघू नका

सहल फसते ती बहुधा इथेच. मागच्या रविवारी कुणाला हजारो बदके दिसली म्हणून या रविवारी आपणही जातो, आणि मधल्या आठवड्यात वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठीचे पाणी, सुटलेले असते. पातळी चढते, चिखलाचे काठ बुडतात आणि तिथले पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाईडला किंवा पाणथळीच्या काठी चापडगावला असलेल्या वनविभागाच्या केंद्रावर फोन करून तीन प्रश्न विचारा: पाणी चढतेय की उतरतेय, चिखलाचे काठ उघडे आहेत का, आणि गेल्या दोन दिवसांत पक्षी कोणत्या बाजूला जास्त होते.

उत्तरावरून बेत ठरवा. पाणी काठोकाठ असेल तर बदके मधोमध, लांब असतील. मग पक्षी बघण्याच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावण्यावर भर द्या आणि चालणे कमी ठेवा. पाणी उतरते असेल तर तो सगळ्यात चांगला काळ. रोज नवा चिखल उघडा पडतो, त्यातले किडे-शंख पक्ष्यांना सहज सापडतात आणि काठाने चालत गेलात तरी बरेच काही जवळून दिसते. पाणी फारच उतरले तर बदके कमी होतात, पण शेकाट्या, तुतवार, चमचे अशा काठच्या पक्ष्यांची गर्दी असते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो येण्याची शक्यताही अशाच वेळी जास्त. रोहित दिसेलच असे कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ते पाण्याच्या खोलीवर जागा बदलतात आणि दर वर्षी सारख्या संख्येने येत नाहीत.

महिने म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये पाणी जास्त असते आणि सगळे पाहुणे पोहोचलेले नसतात. मार्चमध्ये उत्तरेकडे परतणे सुरू होते. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडा. नाताळची सुट्टी आणि रविवार यांत मनोऱ्यावर इतकी माणसे असतात की बोलण्याच्या आवाजानेच काठचे पक्षी दूर जातात.

काय न्यावे

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा पक्षी किती पटीने मोठा दिसतो तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहाटे उजेड कमी असतो, तेव्हा हा दुसरा आकडा कामाला येतो. १०×५० जास्त मोठे दाखवते, पण जड असते. हात थरथरतो आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही.

दुर्बीण घरीच जुळवून घ्या, तिथे जाऊन नको. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट दिसेल असे करा. मग डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. पुढे दिवसभर फक्त मधले चाक फिरवायचे. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडा किंवा आत फिरवा, नाहीतर चित्राचा फक्त मधला गोल दिसतो. दुर्बीण नसेल तर गाईडकडे भाड्याने किंवा वापरायला मिळेल का ते आदल्या दिवशीच्या फोनवरच विचारा. गर्दीच्या दिवशी ती पुरत नाहीत.

कपड्यांकडे दुर्लक्ष केलेत तर सगळी सहल कुडकुडण्यात जाईल. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि पाण्यावरून येणारा वारा त्याहून बोचरा लागतो. कानटोपी, स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट आणि दोन जोड मोजे न्या. दव इतके पडते की गवतातून चालताना बूट पाच मिनिटांत ओले होतात, म्हणून दुसरा मोज्यांचा जोड गाडीत राहू द्या. रंग मातकट, खाकी, हिरवे. पांढरा शर्ट आणि लाल शाल नको. नऊनंतर ऊन चढते तेव्हा एकावर एक घातलेले कपडे उतरवता येतात, एकच जाड कोट घातलात तर घामाघूम व्हाल.

पाणी माणशी दीड लिटर, थर्मासमध्ये चहा, आणि आवाज न करता खाता येईल असे काही: थालीपीठ, दशम्या, केळी. कुरकुरीत पुड्या नकोत, त्यांचा आवाज लांब जातो आणि रिकामे प्लास्टिक वाऱ्याने पाण्यात उडते.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडेसे: ४०० मिमीच्या खाली लेन्स असेल तर बदके ठिपक्याएवढी येतील. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० च्या आसपास ठेवा. फ्लॅश वापरू नका. ड्रोन अजिबात नको. अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवणे गुन्हा आहे, आणि त्याला घाबरून एकदा उठलेला थवा तासभर बसत नाही.

रस्ता

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने नांदूर नाक्यावरून बाहेर पडा आणि चांदोरीला या. तिथे निफाडचा सरळ रस्ता सोडून उजवीकडे वळा, गोदावरीचा पूल ओलांडून सायखेडा गाठा. सायखेड्याहून मांजरगावमार्गे चापडगाव. एकूण अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर. दिवसा सव्वा तास लागतो, पहाटे धुके असेल तर दीड तास धरा. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. उजाडताना तुम्ही काठावर हवे, म्हणून सव्वापाचची वेळ. एसटीने सायखेडा किंवा निफाडपर्यंत जाता येते, पण पहाटे पाण्याजवळ पोहोचायचे तर स्वतःचे वाहन किंवा चौघांत मिळून ठरवलेली गाडीच हवी.

या रस्त्यावर तीन गोष्टी सांभाळा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात आणि अनेकांना मागे दिवाच नसतो. धुक्यात ताशी चाळीसच्या वर जाऊ नका. दुसरे, गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. अंधारात फोटोसाठी किंवा आणखी कशासाठी उसाच्या कडेला एकटे उतरू नका, लहान मुलांना तर मुळीच उतरू देऊ नका. थांबायचेच तर गावात, दिव्याखाली थांबा. तिसरे, नकाशाचे ॲप कधी कधी नांदूर मधमेश्वर गावाकडे, म्हणजे बंधाऱ्याकडे नेते. सकाळी आधी चापडगाव हवे, म्हणून ॲपमध्ये चापडगाव पक्षी अभयारण्य असेच टाका.

गाईडशी बोलताना

फाटकावर प्रवेशशुल्क भरा, कॅमेऱ्याचे वेगळे असेल तर तेही भरा, आणि पावती घेऊन खिशात ठेवा. गाईड आसपासच्या गावांतली तरुण मंडळी असतात. लहानपणापासून याच काठावर वाढलेली, नुसत्या उडण्याच्या पद्धतीवरून पक्षी ओळखणारी. एका गाईडमागे पाच-सहा जणच ठेवा. दहा जण असाल तर दोन गाईड घ्या. शेवटच्या माणसापर्यंत गाईडचे कुजबुजणे पोहोचत नाही आणि तो मोठ्याने बोलू लागला की पक्षी उठतात.

निघण्याआधी दोन मिनिटे उभे राहून त्यांना स्पष्ट सांगा: "दादा, आम्ही पहिल्यांदाच आलोय. थोडेच पक्षी दाखवा, पण ओळखायचे कसे ते सांगा. आणि नंतर बंधाराही बघायचाय." असे सांगितले नाही तर गाईडला वाटते की तुम्हाला जास्तीत जास्त नावांची यादी हवी आहे, आणि तासाभरात चाळीस नावे ऐकून एकही लक्षात राहत नाही. सूर्य पाठीमागे येईल अशी जागा मागा. समोरून ऊन आले की सगळी बदके काळी दिसतात. मानधन आधी ठरवा, आणि काम आवडले तर वर काहीतरी द्या. या लोकांना इथूनच उत्पन्न मिळत राहिले तर पाणथळ राखण्यात त्यांचाच फायदा आहे.

पहिले दोन तास

उजाडताना सरळ मनोऱ्यावर चढू नका. पहिला अर्धा तास खाली, काठाच्या वाटेवर थांबा. झुडपांतले, पाणकणसातले पक्षी याच वेळी बाहेर येतात आणि ऊन चढले की आत शिरतात. जांभळी पाणकोंबडी अशीच दिसते: कोंबडीएवढी, निळी-जांभळी, लालभडक चोच, पायाने देठ धरून सोलून खाते. त्याच वेळी आकाशाकडे लक्ष ठेवा. रात्र उथळ पाण्यात काढलेले क्रौंच हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांकडे निघतात, आणि दिसण्याआधी त्यांचा आवाज येतो.

साडेसातच्या सुमारास मनोऱ्यावर जा. गाईडच्या तिपाईवरच्या दुर्बिणीतून सगळ्यांनी आळीपाळीने बघा, आणि बघताना तिपाईला हात लावू नका. हात लागला की नेम चुकतो आणि पुढच्या माणसाला नुसते पाणी दिसते. नवख्यांनी पहिल्या दिवशी आठ-नऊ पक्षीच पक्के करावेत.

पूर्ण काळा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला, शेकड्यांनी पोहणारा तो वारकरी. तो बदक नाही, तरी लांबून सगळे त्याला बदकच समजतात. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका दिसला की हळदीकुंकू. हे बदक बाराही महिने इथेच असते. पसरट चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरत गाळून खाणारा थापट्या. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक. नारंगी-तांबूस रंगाची, बहुधा जोडीने असणारी चक्रवाक. काठावर गुलाबी लांब पायांचा शेकाट्या. चोच अर्धवट उघडी राहिल्यासारखी फट दिसते तो मुग्धबलाक, गोगलगाय कवचातून काढण्यात त्याचा हातखंडा. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकणारा चमचा. आणि पिवळी चोच, पाठीमागे गुलाबी झाक दिसली की चित्रबलाक.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली पट्टकादंब हंसांची टोळी दिसली तर तिथेच थांबा. हे हिमालय ओलांडून आलेले असतात. इथला पाणवठा मध्य आशियाच्या स्थलांतरमार्गावर आहे, म्हणूनच त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले.

एकदम सगळी बदके उठली तर घाबरून गाईडकडे बघू नका, पाणकणसाच्या वर नजर टाका. बहुधा दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी तिथून कमी उंचीवर उडत चाललेला असतो. थवा उठतो, फेरी मारतो, पुन्हा बसतो. मोजायचे असेल तर ही वेळ चांगली. थव्यातले दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि पूर्ण थव्यात तशा किती जागा बसतात ते बघा.

चिखलात उतरू नका. वरून वाळलेला गाळ दुधावरच्या सायीएवढाच जाड असतो, खाली सगळा ओला रेंदा. पाय गुडघ्यापर्यंत जातो, काढायला गेले की दुसराही जातो. त्यात काठाच्या गाळपेर जमिनीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरलेल्या जमिनीत, लोकांची पिके उभी असतात, तीही तुडवली जातात.

साडेनऊनंतर तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतले चित्र लहरू लागते. भिंग बदलून ते सुधारत नाही. पक्षी बघणे आटोपते घ्यायची ही वेळ.

बंधाऱ्याकडे

आता गाडीने नांदूर मधमेश्वरच्या बाजूला या. बंधारा सार्वजनिक जागेतून, सुरक्षित अंतरावरून बघा. दगडी भिंतीवर, दरवाजांच्या कठड्यावर किंवा खालच्या खडकांवर जाऊ नका. शेवाळ्याने दगड निसरडे असतात आणि वरून पाणी सोडले की खालचा प्रवाह काही मिनिटांत वाढतो. भोंगा ऐकू आला तर पात्रातून लगेच बाहेर या.

उभे राहून तीन गोष्टी गाईडला दाखवायला सांगा: दोन नद्या कुठून येतात, कालव्याचे तोंड कोणते, आणि पाणी सोडण्याचे दरवाजे कोणते. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पात्राची तुलना करा. वर गाळ, पाणकणीस, संथ पाणी. खाली उघडा खडक. एवढ्या एका फरकात बंधाऱ्याने शंभर वर्षांत काय केले ते दिसते. वरच्या बाजूला जलपर्णीचे हिरवे थर दिसतील. शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यातल्या खतावर ती फोफावते आणि उघडे पाणी झाकून टाकते. नाशिककरांनी हे आवर्जून बघावे, कारण ते पाणी आपल्याच घरांतून निघालेले आहे.

पावसाळ्यात बातम्यांत "नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक" असे येते, त्याचा अर्थ इथे उभे राहून मुलांना समजावता येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते. गंगापूर धरणाची क्षमता ५.६३ टीएमसी आहे, म्हणजे त्या वेगाने अख्खे गंगापूर धरण सोळा तासांच्या आत इथून निघून जाईल. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चांदोरी आणि सायखेडा पाण्याने वेढले गेले होते. म्हणून पावसाळ्यात पूर बघायला या रस्त्याने येऊ नका. सायखेड्याचा पूल बंद झाला की परतीची वाटच अडते.

जवळच नदीकाठी मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे. रामाने सोन्याच्या हरणाला इथे मारले अशी स्थानिक कथा सांगतात. चप्पल काढून दर्शन घ्यायला दहा मिनिटे पुरतात.

परतताना

अकरापर्यंत निघा. न्याहारी सायखेडा किंवा चांदोरीत उरका. मिसळ दोन्हीकडे मिळते आणि तर्री बेताने घ्या, पुढे तासभर गाडीत बसायचे आहे. नदीत पाणी कमी असेल तर चांदोरीला पात्रातली जुनी दगडी मंदिरे उघडी पडलेली दिसतात. पात्रात उतरण्याआधी गावात विचारा, आवर्तन चालू असेल तर काठावरूनच बघा. द्राक्षाच्या हंगामात बागेच्या कडेला थेट शेतकऱ्याकडून घ्यायची असतील तर फांदीला हात लावू नका, विचारून घ्या, आणि घरी नेऊन धुऊनच खा.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मनोऱ्याच्या पायऱ्यांचा आग्रह धरू नका. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची काठावर लावली तरी पुष्कळ दिसते. सात-आठ वर्षांखालच्या मुलांचा धीर दीड तासाने संपतो, म्हणून त्यांना बंधारा आधी आणि पक्षी नंतर असा उलटा क्रम चालत नाही. पक्षी पहाटेच बघायचे, आणि मुले कंटाळली की एका मोठ्या माणसाने त्यांना घेऊन फाटकाजवळ थांबायचे.

संध्याकाळी यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: तारीख, सुरू केल्याची वेळ, चाललेले अंतर आणि प्रत्येक पक्ष्याची अंदाजे संख्या. ओळख पटली नसेल तो पक्षी यादीत घालू नका. त्या दिवशी पाणी चढते होते की उतरते, हेही शेऱ्यात लिहा. पुढच्या वेळी जायचा दिवस ठरवताना ती नोंद उपयोगी पडते.